अर्ध्या गुणाचा हिशेब

अल्झायमरसारख्या असाध्य आजारावर औषध सापडल्याची बातमी येते, तेव्हा तिच्या मुळाशी बहुतेक वेळा दोन सरासऱ्यांची एक साधी वजाबाकी असते. जपानची एसाय आणि अमेरिकेची बायोजेन या कंपन्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ‘लेकॅनेमॅब’ या औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर केला. त्या वेळी जगभरच्या वृत्तपत्रांनी एकच आकडा ठळकपणे छापला : या औषधामुळे आजाराची वाढ २७ टक्क्यांनी मंदावते. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला पूर्ण मान्यता दिली. युरोपीय औषध संस्थेने मात्र जुलै २०२४ मध्ये मान्यतेच्या विरोधात शिफारस केली आणि फेरविचारानंतर नोव्हेंबरमध्ये, रुग्णांचा एक गट वगळून, ती बदलली. ब्रिटनमध्ये तर २२ ऑगस्ट २०२४ या एकाच दिवशी दोन सरकारी संस्था दोन दिशांना गेल्या. औषध नियामकाने ते वापरण्यास परवानगी दिली आणि सरकारी आरोग्यसेवेने कोणत्या उपचारांवर पैसा खर्च करावा हे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने ते सरकारी खर्चाने देऊ नये, असा मसुदा प्रसिद्ध केला.

चाचणी तीच, आकडे तेच, तरीही निवाडे इतके वेगळे का? या संस्थांपैकी कोणी गणितात चुकले, असे नाही. त्या आकड्यांना प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला. ‘फरक आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘फरक केवढा आहे’ हा दुसरा. संख्याशास्त्रात या दोन प्रश्नांसाठी दोन स्वतंत्र साधने आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचेही उत्तर समजले की गोंधळ सुरू होतो, आणि अल्झायमरच्या औषधांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास हा बव्हंशी याच गोंधळाचा इतिहास आहे.

चाचणीची रचना आधी पाहिली पाहिजे. आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील १,७९५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन जवळजवळ समान गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिले गेले, दुसऱ्याला तसेच दिसणारे औषधविरहित द्रव. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. अठरा महिन्यांनी प्रत्येकाची अवस्था एका ठरलेल्या मापाने मोजली गेली. स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयक्षमता, समाजातील वावर, घरकाम व छंद आणि स्वतःची निगा या सहा बाबींना शून्य ते तीन असे गुण देऊन त्यांची बेरीज करतात. शून्य म्हणजे निरोगी, अठरा म्हणजे पूर्ण परावलंबन. चाचणीच्या आरंभी या रुग्णांची सरासरी सुमारे ३.२ होती.

अठरा महिन्यांत औषधविरहित गटाची अवस्था सरासरी १.६६ गुणांनी खालावली आणि औषध घेणाऱ्यांची १.२१ गुणांनी. वजाबाकी ०.४५. या ०.४५ ला १.६६ ने भागले की ‘२७ टक्के’ हा मथळा तयार होतो. तो खोटा नाही. परंतु अठरा गुणांच्या मापावर फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे, हे त्यात दिसत नाही. या मापावर गुण अर्ध्याच्या किंवा पूर्ण गुणाच्या पायरीने बदलतात. म्हणजे ०.४५ हा बदल कोणत्याही एका रुग्णाच्या बाबतीत घडूच शकत नाही. तो केवळ सरासरीत अस्तित्वात असतो.

आता पहिला प्रश्न. एकाच पोत्यातील ज्वारीच्या दोन ओंजळी भरल्या, तरी दाण्यांचे सरासरी वजन तंतोतंत सारखे भरत नाही. मग १.६६ आणि १.२१ यांतला फरक औषधामुळे पडला की ओंजळी भरताना सहज पडला? आयर्लंडमधील गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांच्या सरासरीविषयी निबंध लिहिला, तो याच जातीच्या अडचणीतून. पुढे रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथातून अशा कसोट्या शास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आणल्या. कसोटीची रीत अशी : औषध निरुपयोगी आहे, दोन्ही गट एकाच पोत्यातले आहेत, असे क्षणभर गृहीत धरायचे आणि तसे असते तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे काढायचे. या शक्यतेला ‘पी-मूल्य’ म्हणतात. ती पाच टक्क्यांहून कमी भरली, तर फरकाला ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

लेकॅनेमॅबच्या बाबतीत ही शक्यता वीस हजारांत सुमारे एक इतकी अल्प निघाली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : इतका फरक निव्वळ योगायोगाने पडला, असे मानणे कठीण आहे. अमेरिकेतील मान्यतेचा एक मोठा आधार हे उत्तर होता आणि तो भक्कम आहे.

परंतु ‘सार्थक’ हा शब्द फसवा आहे. व्यवहारात सार्थक म्हणजे मोलाचे, कारणी लागलेले. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘योगायोग म्हणून सोडून देता न येणारे’ एवढाच. पी-मूल्य दोन गोष्टींच्या संयोगातून ठरते. एक म्हणजे फरक केवढा आणि दुसरी म्हणजे तो मोजण्यातली अनिश्चितता केवढी. ही अनिश्चितता, म्हणजेच प्रमाण त्रुटी, रुग्णांची संख्या वाढवली की कमी होते. संख्या चौपट केली की ती निम्मी होते. म्हणून तोच ०.४५ चा फरक १,७९५ ऐवजी दोनशे रुग्णांच्या चाचणीत आढळला असता, तर तो ‘सार्थक’ ठरला नसता आणि औषध अपयशी म्हणून बाजूला पडले असते. उलट सोळापट, म्हणजे जवळजवळ एकोणतीस हजार रुग्ण घेतले असते, तर अवघ्या ०.०६ गुणाचा फरकही ‘सार्थक’ ठरला असता, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नसता. पी-मूल्यावरून औषधाचा प्रभाव जोखणे म्हणजे भिंगाच्या शक्तीवरून दाण्याचा आकार ठरवण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळे साधन आहे, ते म्हणजे विश्वासांतराल. जर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. नमुन्यावरून मिळालेला ०.४५ हा एकच आकडा पुढे ठेवण्याऐवजी, खरा फरक कोठून कोठपर्यंत असू शकेल याची मर्यादा सांगायची. लेकॅनेमॅबसाठी ९५ टक्के विश्वासांतराल ०.२३ ते ०.६७ गुण असा आहे. याचा नेमका अर्थ असा की, अशाच चाचण्या पुनःपुन्हा केल्या आणि प्रत्येक वेळी याच रीतीने अंतराल काढला, तर शंभरातील सुमारे पंच्याण्णव अंतरालांमध्ये खरा फरक सापडेल. यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप येते, कारण शून्य या मर्यादेच्या बाहेर आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे उत्तर रुग्णाच्या मापात, गुणांत मिळते. शक्यतेच्या अमूर्त भाषेत नव्हे.

गुणांचे महिन्यांत रूपांतर केले की चित्र अधिक स्पष्ट होते. औषध न घेणारे अठरा महिन्यांत १.६६ गुणांनी खालावले, म्हणजे महिन्याला सुमारे ०.०९ गुण. या गतीने ०.४५ गुण म्हणजे जवळजवळ पाच महिने. अंतरालाची खालची कड अडीच महिन्यांवर येते आणि वरची सात महिन्यांच्या थोडी पुढे. थोडक्यात, अठरा महिने दर पंधरवड्याला उपचार घेतल्यावर सरासरी रुग्णाला अडीच ते सात महिन्यांची उसंत मिळते. ‘नाइस’नेही २०२४ मध्ये, आजार सौम्य अवस्थेतून मध्यम अवस्थेत जाणे सरासरी चार ते सहा महिन्यांनी लांबते, असाच अंदाज मांडला होता. ‘२७ टक्के’ आणि ‘सुमारे पाच महिने’ ही एकाच वजाबाकीची दोन रूपे आहेत. पण रुग्णाच्या मुलाने वा पत्नीने निर्णय घ्यायचा, तर त्यांना दुसरे रूप कळले पाहिजे.

एवढी उसंत जाणवण्याजोगी आहे का? या मापावर एक ते दोन गुणांचा बदल झाला तरच तो रुग्णाला आणि घरच्यांना जाणवतो, असे मत अनेक तज्ज्ञांनी मांडले आहे. ही सीमा मानली, तर अंतरालाची वरची कडही, म्हणजे ०.६७, तिच्या आत राहते. याचा अर्थ फरक खरा असण्याबाबत जितकी खात्री आहे, जवळजवळ तितकीच तो या सीमेपेक्षा लहान असण्याबाबतही आहे. औषधाच्या समर्थकांचे उत्तर असे की, ही सीमा एकेका रुग्णातील बदलासाठी आखलेली आहे, ती दोन गटांच्या सरासरीतील फरकाला लावणे अन्यायाचे आहे. शिवाय उपचार पुढे चालू राहिला तर हा फरक रुंदावत जाईल. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरा मुद्दा अठरा महिन्यांच्या पलीकडचा असल्याने, अठरा महिन्यांच्या चाचणीतून सिद्ध होणारा नाही.

सरासरीच्या मागे दडलेला विस्तारही विसरता कामा नये. विश्वासांतरालावरून उलट हिशेब केला तर दिसते की, एकाच गटातील रुग्णारुग्णांमधल्या बदलाचे प्रमाण विचलन ढोबळमानाने सव्वादोन गुणांच्या आसपास असावे. कोणी अठरा महिने होते तेथेच राहिले, कोणी चार-पाच गुणांनी घसरले. या विस्तारापुढे ०.४५ चा फरक किरकोळ आहे. बदलांचे वाटप घंटेच्या आकाराचे मानले आणि औषध घेणारा एक व न घेणारा एक अशा शंभर जोड्या यदृच्छेने लावल्या, तर सुमारे पंचावन्न जोड्यांत औषध घेणारा बरा दिसेल आणि पंचेचाळीस जोड्यांत न घेणारा. ‘औषधाने आमच्या घरी गुण आला’ किंवा ‘काही उपयोग झाला नाही’ हे दोन्ही अनुभव म्हणूनच खरे असू शकतात आणि त्यांवरून औषधाबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

तागडीच्या दुसऱ्या पारड्यात अपाय आहेत. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूच्या चित्रणात सूज आढळली; औषधविरहित गटात हे प्रमाण १.७ टक्के होते. बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवली नाहीत, पण काहींच्या बाबतीत हा धोका गंभीर ठरतो. विशिष्ट जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना तो सर्वाधिक आणि युरोपने वगळलेला गट तोच. अमेरिकेत औषधाची जाहीर किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर होती; वारंवारच्या चित्रणांचा खर्च वेगळा. ‘नाइस’ने हा सारा खर्च चार-सहा महिन्यांच्या उसंतीशी तोलून पाहिला आणि जून २०२५ च्या अंतिम मसुद्यातही आपला नकार कायम ठेवला. या नकाराशी कोणी असहमत होऊ शकेल. पण तो फरक नाकारणारा नव्हता, फरकाचे मोल करणारा होता.

फरकाची कसोटी एवढ्यावरच निर्णय घेतला तर काय होते, याचा धडा आधीच मिळाला होता. बायोजेनच्याच ‘अॅड्युकॅनुमॅब’ या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या मार्च २०१९ मध्ये, यशाची आशा नाही म्हणून, अर्ध्यावर थांबवण्यात आल्या. प्रत्येकीत सोळाशेहून अधिक रुग्ण होते. नंतर आणखी माहिती हाती आल्यावर चित्र असे दिसले : एका चाचणीत अधिक मात्रेच्या गटाला ०.३९ गुणांचा लाभ झाला आणि त्याचा विश्वासांतराल ०.०९ ते ०.६९ होता, म्हणजे ‘सार्थक’. दुसऱ्या चाचणीत त्याच मात्रेच्या गटाची अवस्था औषध न घेणाऱ्यांपेक्षा ०.०३ गुणांनी किंचित वाईटच होती आणि अंतराल शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. दोन जुळ्या चाचण्यांची कौल देणारी दोन तोंडे दोन दिशांना होती.

अशा वेळी मनाजोगा निकाल उचलून दुसऱ्याला अपवाद ठरवण्याचा मोह होतो. संख्याशास्त्राचा रोकडा मार्ग दोन्ही एकत्र पाहण्याचा आहे. दोन्ही चाचण्यांना जवळजवळ सारखे वजन देऊन ढोबळ हिशेब केला, तर लाभ ०.१८ गुणांवर उतरतो आणि विश्वासांतराल शून्याला पार करतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी प्रशासनाच्या सल्लागार समितीने औषधाच्या विरोधात मत दिले. तरीही जून २०२१ मध्ये प्रशासनाने त्याला त्वरित मान्यता दिली. मेंदूतील अमायलॉइड या प्रथिनाचे थर औषधाने कमी होतात, म्हणून रुग्णाला लाभ होणे संभवनीय आहे, असा त्यामागचा तर्क होता. समितीच्या तिघा सदस्यांनी राजीनामे दिले. वर्षाला ५६ हजार डॉलर ही किंमत पुढे निम्मी करावी लागली, ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने हात आखडता घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच औषध बंद करत असल्याचे जाहीर केले.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एली लिली कंपनीच्या ‘डोनॅनेमॅब’ची कथाही याच वळणाची आहे. तेथे १,७३६ रुग्णांपैकी आजार कमी पसरलेल्या मुख्य गटात ३५ टक्के मंदी, असा मथळा झाला. मूळ वजाबाकी १४४ गुणांच्या वेगळ्या मापावर ३.२५ गुणांची होती आणि विश्वासांतराल १.८८ ते ४.६२. फरक पुन्हा निःसंशय, आकार पुन्हा लहान.

एक सावधगिरी आणखी. कसोटी आणि अंतराल दोन्ही फक्त योगायोगाचा हिशेब ठेवतात; पक्षपाताचा नाही. मेंदूला सूज आलेल्या रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला आपल्याला खरे औषध मिळत असावे, असा अंदाज येऊ शकतो आणि प्रश्नांची उत्तरे मग नकळत आशावादी होतात. अर्ध्या गुणाहून लहान फरकाच्या बाबतीत ही शंका दुर्लक्षिता येत नाही. तसेच उपगटांचे. लेकॅनेमॅबच्या चाचणीत पुरुषांमध्ये मंदी ४३ टक्के आणि स्त्रियांमध्ये १२ टक्के दिसली, यावरून ‘औषध स्त्रियांना चालत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. एका गटात फरक सार्थक आणि दुसऱ्यात नाही, एवढ्याने दोन गटांत तफावत आहे असे ठरत नाही. त्या तफावतीचा स्वतंत्र विश्वासांतराल पाहावा लागतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून, धोरणविषयक निर्णय केवळ पी-मूल्याने एखादी सीमा ओलांडली की नाही यावर घेऊ नयेत, असे बजावले, ते अशाच अनुभवांनंतर.

हा वाद भारतासाठी दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. वर्षाला वीस लाख रुपयांहून अधिक खर्चाचे औषध यांतील फार थोड्यांना परवडेल. पण ‘२७ टक्क्यां’ची आशा सर्वांपर्यंत पोहोचते, आणि त्या आशेवर घर-शेत विकायला निघणारी कुटुंबे आपल्याकडे इतर आजारांत कमी पाहिलेली नाहीत. सरासरीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे सांगणारी परंपरा मराठी मुलखालाही आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कुपोषणाच्या वादात हाच आग्रह धरला होता. माणसामाणसांत आणि एकाच माणसात दिवसागणिक पडणारा फरक विसरून, आहाराच्या सरासरी गरजेवरून भुकेल्यांची गणती करू नका, असे ते सांगत. त्यांच्या निष्कर्षांवर तीव्र टीका झाली. पण सरासरीसोबत तिचा विस्तारही सांगितला पाहिजे, हे तत्त्व त्या टीकेतूनही शाबूत राहिले.

पुढच्या काळात या जातीची आणखी औषधे येतील आणि प्रत्येकीसोबत एक टक्केवारी येईल. औषध कंपन्यांनी, डॉक्टरांनी आणि वृत्तपत्रांनीही तिच्यासोबत चार गोष्टी सांगण्याचा दंडक पाळला पाहिजे : दोन्ही गटांच्या मूळ सरासऱ्या, त्यांच्या फरकाचा विश्वासांतराल, तो ज्या मापावर मोजला त्याची लांबी आणि त्याच गटांतील अपायांचे प्रमाण. हे आकडे हाती असलेल्या कुटुंबाला मग पाच महिन्यांची उसंतही अमोल वाटू शकते. नातवाचे लग्न तोंडावर असेल, तर कदाचित वाटेलच. तो निर्णय त्या कुटुंबाचा. मात्र तो अडीच ते सात महिन्यांविषयी घेतलेला असावा, २७ टक्क्यांविषयी नव्हे.